आमच्या घरचा एकवीस

आमच्या वस्तीत मला कुणी नावानं हाक मारत नसे. मी चौदा. माझा थोरला भाऊ एकवीस. समोरच्या घरातली, जिच्याशी माझं दिवसाआड भांडण व्हायचं, ती सतरा. शाळेच्या हजेरीपटावर आम्हा सगळ्यांना चांगली नावं होती, पण ती शाळेच्या फाटकातच राहायची. "ए बावीस, शेळीला पाणी दाव की रं," अशी आरोळी कानावर पडली की मानवतला नव्यानं आलेला माणूस दचकून बघायचा.

हा सगळा उद्योग माझ्या वडिलांचा. अण्णा शाळामास्तर होते. छप्पन सालानंतर आमच्या लोकांनी घरातले जुने देव काढले आणि कोनाडे रिकामे झाले. आमच्या कोनाड्यात अण्णांनी बुद्धाची मूर्ती ठेवली आणि तिच्याशेजारी निळ्या कापडात बांधलेली देशाची घटना. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की ते कापड सोडून अण्णा एक कलम समजावून सांगत. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली, उन्हाळ्यात तव्यासारखी तापणारी. घटनेचं मराठी भाषांतर कळायला आणखी एक भाषांतर लागतं, हे मी पुढं नागरिकशास्त्र शिकवताना जन्मभर भोगलं. अण्णांनी त्यावर तोडगा काढला होता. ते प्रत्येक कलम आमच्या बोलीत एका वाक्यात बसवत.

वस्तीत लेकरू जन्मलं की नामकरणाच्या दिवशी त्याला एक कलम मिळायचं. अण्णा लेकराला मांडीवर घेऊन त्याच्या कानात ते वाक्य म्हणत. पोर बोलायला लागलं की दर रविवारी उभं राहून त्यानं ते सगळ्यांपुढं म्हणायचं. वंदनेनंतरची ती आमची हजेरी. अण्णा आकडा पुकारायचे आणि आम्ही उठायचो. चौदा म्हटलं की मी, "कायद्यापुढं समदे सारखे." सतरा म्हटलं की ती, "शिवाशीव बंद, पाळील त्याला सजा." तिचं वाक्य माझ्यापेक्षा भारी होतं आणि तिला ते माहीत होतं, भांडणाचं मूळ तिथंच. मग भाऊ उठायचा, "कायद्याच्या वाटंबिगर कुणाचा जीव घ्यायचा न्हाई, कुणाला कोंडायचं न्हाई." त्याचा आवाज फुटायला लागला तेव्हा नेमका 'कोंडायचं'वर घसरायचा आणि सतरा पदरात तोंड खुपसून हसायची.

बत्तीस अण्णांनी कुणाला दिलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं. तुझा हक्क मोडला तर देशाच्या सगळ्यांत मोठ्या कोर्टाचं दार वाजवता येतं, असं ते कलम. ज्यांनी घटना लिहिली त्यांना हेच सगळ्यांत जवळचं होतं, असं अण्णा सांगायचे, आणि सांगताना भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बघायचे. या दाराचं वेड त्यांना का लागलं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. निजामाच्या राज्यात माझ्या आजोबांनी ऐन सुगीत वेठीला जायला नकार दिला म्हणून गावच्या मालकानं त्यांना गढीत कोंडलं होतं. लहानगे अण्णा आपल्या आईबरोबर गढीबाहेर बसून होते. पाटील मालकाचा, तहसीलदार पाटलाचा, आणि त्याच्याही वर हैदराबादचं फर्मान. आजोबा बाहेर आले ते आयुष्यभर खाली मान घालूनच चालले. "आमाला वाजवायला दारच नव्हतं," अण्णा म्हणायचे. बाकी सगळ्या गोष्टींत ते शंकेखोर होते. दुधात पाणी आहे का ते बोट बुडवून बघायचे. या एका गोष्टीत मात्र त्यांनी कधी बोट बुडवलं नाही.

मायला शाळेचं तोंड माहीत नव्हतं. एकदा ती म्हणाली, "समद्यायला वाटलं, आन मलाच काई न्हाई व्हय?" तेव्हा अण्णांनी हसत तिला दोनशे सव्वीस दिलं. ते हायकोर्टाचं कलम, राज्यातल्या राज्यात दाद मागायचं. वाक्य लांबलचक होतं, तिनं ते कधी पाठ केलं नाही, पण आकडा तिला शोभला. घरचं हायकोर्ट तीच होती. जत्रेला जायचं असो की शेजारणीची तक्रार असो, आमचा अर्ज आधी तिच्याकडे. ती "हो" म्हणाली आणि अण्णांनी ते फिरवलं, असं आमच्या घरात कधी झालं नाही. भाऊ चिडवायचा, "अण्णा, तुमचं सुप्रीम कोर्ट नुसतं शिक्का मारायलाय." अण्णा म्हणायचे, "शहाणं कोर्ट तसंच असतंय."

त्र्याहत्तर सालचा एक रविवार मला चांगला आठवतो. दुष्काळ अजून सरला नव्हता, लोक खडी फोडून आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन काळे पडले होते. त्या दिवशी अण्णा मात्र लग्नघरच्यासारखे खुलले होते. दिल्लीत खूप न्यायाधीश एकत्र बसले होते आणि त्यांनी सांगितलं होतं की संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा मूळ सांगाडा मोडता येणार नाही. अण्णांनी विहाराच्या मधल्या लाकडी खांबावर थाप मारली. "पत्रा बदला, भिंत हालवा, खिडकी पाडा. पण ही मेढ काढायची न्हाई. मेढ काढली की घर ऱ्हात न्हाई." म्हातारी माणसं सुद्धा उठून त्या खांबाला हात लावून बघू लागली. मला तेव्हा वाटलं, आपण फार भक्कम घरात राहतो.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. पहिले काही दिवस आमच्याकडे नुसत्या कुजबुजी. मग अण्णांना वाचनालयातल्या पेपरात ते सापडलं. राष्ट्रपतींचा हुकूम निघाला होता की चौदा, एकवीस आणि बावीस या कलमांसाठी कुणालाही कोर्टात जाता येणार नाही.

त्या रविवारी विहारात हजेरीच्या आधीच गलका झाला. बावीस तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. तो रडवेला होऊन उभा राहिला, "गुर्जी, म्या बंद झालो का?" लोक हसले. अण्णा नाही हसले. त्यांनी समजावलं, कलम पुसलेलं नाही, आहे तिथंच आहे, फक्त त्याच्यासाठी कोर्टाचं दार वाजवायला मनाई आहे. मागून माय म्हणाली, "म्हंजी घागर भरून ठिवलीया, पर पेला लावायचा न्हाई." अण्णांनी आकडे पुकारायला घेतले. हजेरी झाली. मी माझं चौदा म्हटलं, भाऊ त्याचं म्हणाला. त्याचा आवाज आता चांगला जाड झाला होता.

भाऊ परभणीला कॉलेजात शिकत होता. वर्षभरापूर्वी मराठवाड्यात पोरांचं मोठं आंदोलन झालं, त्यात तो पुढं होता, त्यामुळं पोलिसांच्या नजरेत आधीच होता. तेवढ्यावर तो थांबला असता तर. पण तो अण्णांचा लेक. एका सकाळी मानवतच्या एस.टी. स्टँडासमोरच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं लोकांना दिसलं: 'माझा नंबर सरकारनं बंद केला. तुमचा कोणता?' गावात नंबर असलेली माणसं आमच्याच वस्तीत. शोधायला फार लांब जावं लागणार नव्हतं.

पोलीस आले तेव्हा भाऊ सोनपेठला आत्याकडे पोचला होता. नदीकाठच्या मळ्यात तो भाजीला पाणी देत होता आणि आत्याच्या नणंदेचा पोरगा म्हणून वावरत होता. आठवडे बाजारात मानवतचं कुणी भेटलं की आत्या निरोप धाडायची, "भेंडी चांगली आलीया." मायला तेवढं पुरे होतं. रात्री ती शांत झोपायची.

अण्णा झोपत नव्हते. लेक लपला आहे, हे त्यांना सोसत नव्हतं. लपतो तो चोर, असं ते म्हणायचे. परभणीला त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध वकील होते. निजामाच्या कोर्टात उर्दूतून वकिली केलेले, शेरवानी सोडली तरी तिची बटणं लावायची सवय न सुटलेले. त्यांच्याकडे अण्णांच्या खेपा सुरू झाल्या. तिथून पावसाळ्याअखेरीस एक बातमी आली. एका राज्याच्या हायकोर्टानं सांगितलं होतं की दार पूर्ण बंद नाही. माणसाला कोंडलं असेल तर निदान ज्या कायद्यानं कोंडलं त्या कायद्याप्रमाणे तरी कोंडलं का, हे आम्ही बघणार. मग दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टानं तेच सांगितलं, मग तिसऱ्या. नंतर आपल्याही. अण्णा दर खेपेला घरी येऊन कोनाड्यातली घटना काढायचे आणि उघडून नुसते बघत बसायचे. मायला म्हणाले, "बघ, तुझंच कलम कामाला आलं. येक-येक राज्य उठून बोलायलंय."

वकीलसाहेबांनी त्यांना बजावलं होतं. मी तिथं होते, अण्णांची पिशवी धरून. ते म्हणाले, "गुरुजी, जरा सबर करा. हायकोर्टं बोलली, मान्य. पण सरकार अपिलात दिल्लीला गेलंय. दिल्लीचं होऊ द्या. पोरगा आहे तिथं राहू द्या." अण्णा म्हणाले, "साहेब, इतक्या हायकोर्टांनी सांगितल्यावर दिल्ली उलटं कशी सांगंल? शहाणं कोर्ट तसं करत नसतंय." वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि दुसरी फाईल उघडली. त्यांना बोलता आलं असतं.

कापूस वेचणीला आला होता तेव्हा अण्णा मला घेऊन सोनपेठला निघाले. बापाबरोबर पोरगी असली की कुणाला संशय येत नाही, म्हणून मी. मायला त्यांनी सांगितलं, "लेकराला आणतो. हाजीर करतो, अर्ज टाकतो, मोकळा करून घरी आणतो. राजरोस." मायनं विचारलं, "आन न्हाई सोडलं तर?" अण्णा म्हणाले, "तुझं कलम हाय, माझं कलम हाय. दोघांत येकाचं तरी दार उघडंल का न्हाई?" माय चुलीकडे वळली. ती "हो" म्हणाली नव्हती. घरच्या हायकोर्टाला न विचारता घेतलेला तो पहिला निर्णय.

मळ्यात भाऊ गुडघाभर चिखलात उभा होता. अण्णांनी त्याला सगळी राज्यं मोजून दाखवली. त्यानं ऐकून घेतलं, पाय धुतले आणि एवढंच विचारलं, "अण्णा, तुमाला खात्री हाय?"

"हाय," अण्णा म्हणाले.

आत्या मात्र भांडली. "दादा, तू लय शिकला, पर तुला येवढं कळंना व्हय? वाघ पिंजऱ्यात हाय का मोकळा हाय ते बघून मंग शेळी बांधावी." अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. भावानंच पिशवी उचलली. एस.टी.त तो माझ्याशेजारी बसला होता, खिडकीशी. मला म्हणाला, "चौदे, रविवारी मपली हजेरी चुकंल. तू म्हण मपलं वाक्य." मी म्हटलं, "मी कामून म्हणू? तुझं तू म्हण येऊन." तो हसला. मग परभणीपर्यंत त्यानं वाटेतली पांढरी शेतं बघितली.

अण्णांनी त्याला स्वतः नेऊन हजर केलं. ताठ मानेनं, धुतलेलं धोतर नेसून. मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता कोंडायच्या कायद्याखाली, त्याला स्थानबद्ध करून दूरच्या एका तुरुंगात पाठवलं, रेल्वे आणि मग बस इतका दूर. वकीलसाहेबांनी मुंबईच्या हायकोर्टात अर्ज पाठवला. अर्जाचा अर्थ मायला त्यांनीच सांगितला, आमच्या ओट्यावर बसून, "बाई, यात फार काही नाही. कोर्ट सरकारला म्हणतं, तो माणूस आमच्यासमोर आणा आणि का कोंडला ते सांगा." मायला ते फार आवडलं. पाणी भरताना, भाकरी थापताना ती पुटपुटायची, "मपलं लेकरू समोर आणा आन सांगा."

भावाला नेल्यावरच्या पहिल्या रविवारी अण्णांनी एकवीस पुकारलं आणि सवयीनं थांबले. माय उठली. जिला आपलं स्वतःचं कलम येत नव्हतं तिनं भावाचं वाक्य एकही शब्द न चुकता म्हटलं. इतकी वर्षं मागं बसून ऐकत होती ती. पुढं दर रविवारी तीच उठायची. हिवाळा गेला, उन्हाळा लागला. अर्ज पडून होता, कारण दिल्लीचा निकाल लागेपर्यंत कुणी पुढं सरकायला तयार नव्हतं. अण्णा दोनदा भावाला भेटून आले. वाळला आहे पण बरा आहे, म्हणाले. त्यानं तिथल्या लोकांनाही नंबर वाटलेत, असं सांगताना ते हसले होते.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. पाच न्यायाधीश बसले होते. चौघांनी सांगितलं, आणीबाणीत असा अर्ज कुणालाच करता येत नाही. कोंडलेला माणूस कायद्यानं कोंडला की कुणाच्या लहरीनं, हे विचारायची सोयच नाही. सगळ्या हायकोर्टांनी दिलेलं एका दिवसात पुसलं गेलं. एकट्या पाचव्यानं वेगळं सांगितलं, की जगण्याचा हक्क काही कागदानं दिलेला नाही, कागदानं काढून घ्यायला.

अण्णा वाचनालयातून आले ते चपला न काढता आत आले. मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं. कोनाड्यासमोर उभे राहिले आणि घटनेला हात न लावता मागं फिरले. मायनं विचारलं, "काय म्हणली दिल्ली?" ते म्हणाले, "न्हाई म्हणली."

"समदीच?"

"चौघं. येक व्हय म्हणला."

"मंग त्या येकाला भेटता येत न्हाई का?" मायनं विचारलं. अण्णा खाली बसले आणि त्यांनी डोकं गुडघ्यांत घातलं.

दोन दिवसांनी वकीलसाहेब स्वतः आले, इतक्या उन्हात. म्हणाले, "निजामाच्या टायमाला फर्मान आलं की आम्ही कागद बांधून घरी जायचो. मला वाटलं होतं ते दिवस गेले." वस्तीतली माणसं ऐकत उभी होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग बदललं काय, साहेब?" ते उठून गेले. मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला होता. दिल्लीचा, वकिलांचा, आणि सर्वांत जास्त अण्णांचा. तो राग माझा अजून पूर्ण गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

मे महिन्यात तुरुंगात कावीळ पसरली. आम्हाला तार मिळाली ती भाऊ आजारी असल्याची. अण्णा निघाले. ते पोचले तेव्हा तो गेला होता. उन्हाळ्याचे दिवस, वाट लांबची, त्यांनी तिथंच अग्नी दिला आणि मडक्यात अस्थी घेऊन परतले. मानवत रोड स्टेशनावर माय उभी होती. ती लोकांच्या मागं बघत होती, आणखी कुणी उतरतंय का म्हणून. मग तिनं ते मडकं बघितलं. "समोर आणा म्हणलं व्हतं मी," ती म्हणाली. दुसरं काही म्हणाली नाही. तिनं त्याचं तोंड बघितलं नव्हतं, म्हणून ती कित्येक वर्षं एस.टी.तून उतरणाऱ्या पोरांची तोंडं बघायची. मी तिच्याबरोबर असले की मला रडू यायचं आणि तिला माझा राग यायचा.

भावाच्या मागं विहारात पुण्यानुमोदनाची वंदना झाली, तिला सगळी वस्ती आली. पुढच्या रविवारी अण्णांनी हजेरी घेतली. चौदा, मी उठले. सतरा, ती उठली. वीसनंतर अण्णा थांबले. माय मागं बसली होती, पण ती उठली नाही. मग बावीस आपणहून उभा राहिला आणि रडत आपलं वाक्य म्हणून मोकळा झाला. त्यानंतर अण्णांनी हजेरी घेतली नाही. घटना निळ्या कापडात बांधलेली राहिली.

सत्त्याहत्तरला सरकार पडलं, स्थानबद्ध सुटून आले. परभणीच्या स्टेशनावर हार-फुलं, ताशे. माय म्हणाली, मला बघायचंय. मी तिला नेलं. तिनं उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बघितलं. एका पोरानं आपल्या आईच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. घरी येताना म्हणाली, "बरं झालं. लोकायची लेकरं आली." तिच्या आवाजात असूया नव्हती. माझ्यात होती.

त्या साऱ्या काळात अण्णांना तिनं एकदाही बोल लावला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. अण्णा तिच्यासमोर जेवायला बसले की मान खाली घालून जेवायचे. आजोबांसारखी. मला ते बघवत नसे आणि दयाही येत नसे.

मग एकोणऐंशी साल. सतराचं लग्न होऊन ती राणीसावरगावला गेली होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. नामकरणाला ती बाळाला घेऊन विहारात आली आणि अण्णांना म्हणाली, "गुर्जी, हजेरी बंद हाय ते ठाऊक हाय मला. पर ह्याला आकडा द्या. एकवीस द्या."

अण्णा म्हणाले, "न्हाई. त्यो आकडा मोकळाच ऱ्हाईल. तेवीस घे, चोवीस घे." ती म्हणाली, "दुसरा नगं." ती सतराच होती, शेवटी. हट्ट सोडणारी नव्हती.

तेव्हा अण्णांनी आम्हाला कधी न सांगितलेलं सांगितलं. त्यांनी ते पेपरात वाचून मनातच ठेवलं होतं. घटना पुन्हा दुरुस्त झाली होती. आता आणीबाणी आली तरी एकवीस नंबरसाठी कोर्टाचं दार कुणालाही, राष्ट्रपतीलाही, बंद करता येणार नव्हतं. बाकीची करता येतील, वीस आणि एकवीस ही दोन नाहीत. "आता त्यो आकडा कधीच बंद व्हायचा न्हाई," ते म्हणाले. "आपल्याच लेकरासारखी किती गेली, तवा कुठं."

मागून मायचा आवाज आला. "कधीपासून म्हणलं?"

अण्णा वळले. "आतापासून."

"मागचं धरत न्हाई का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "मागचं न्हाई धरत."

माय उठली आणि पुढं आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच विहारात पुढं येत होती. अण्णांची मान खाली गेली होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं. "मंग म्होरच्याला तरी लागू करा," ती म्हणाली.

मायचा शब्द अण्णांनी कधी फिरवला नव्हता, आताही फिरवला नाही. ते खांबाला टेकून बसले, बाळ मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाशी वाकले. "कायद्याच्या वाटंबिगर कुणाचा जीव घ्यायचा न्हाई," इथपर्यंत त्यांना म्हणता आलं. मग "कुणाला..." म्हणाले आणि पुढचा शब्द येईना. नेमका तोच शब्द, ज्याच्यावर भावाचा आवाज घसरायचा. सतरा पूर्वी तिथं हसायची, आता तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती. माय खाली बसली, तिनं अण्णांच्या मांडीवरून लेकरू उचललं आणि त्याच्या कानात राहिलेलं म्हटलं, "कोंडायचं न्हाई."